पेटी कुणाच्या हाती द्यायची?

मागच्या वर्षी उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतले एक जुने कार्यकर्ते गेले. वय ऐंशीच्या पुढे. दीक्षाभूमीवर १९५६ साली बापाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले, १९६४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले, नामांतराच्या लढ्यात पाय झिजवलेले. त्यांचे नाव इथे देत नाही, कारण घरच्यांनी तशी परवानगी अजून दिलेली नाही आणि हा लेख त्यांच्या गौरवासाठीही नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भाषणे झाली, "त्यांच्या कार्याचा वसा पुढे नेऊ" असे आम्हीही माईकवरून बोललो. महिन्याभराने घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला गेला आणि माळ्यावरचे सगळे कागद वर्तमानपत्रांच्या रद्दीसोबत कबाड्याच्या गाडीवर चढले.

आम्हाला कळले तेव्हा दोन पोती गेलेली होती. एक पत्र्याची पेटी आणि दोन नायलॉनच्या थैल्या मागे राहिल्या, त्या केवळ पेटीचे कुलूप उघडत नव्हते म्हणून. कबाड्याकडे धावलो. त्याने माल त्याच दिवशी पुढे पाठवला होता. किलोला किती भाव मिळाला ते आम्ही विचारले नाही.

यात घरच्यांचा दोष काढायला आम्ही बसलेलो नाही. मुलगा नोकरीच्या गावी, नातवंडे इंग्रजी शाळेत, काकूंचे गुडघे चालत नाहीत. काकू म्हणाल्या, "त्याईचं काय हाये त्यात? कागदच तर हायेत. सोनं-नाणं असतं तं मी सांभाळलं नसतं का?" वसा पुढे नेण्याची भाषणे करणाऱ्या आमच्यापैकी एकानेही त्या माळ्यावर चढून पाहिले नव्हते. दोष आमचा आहे.

कुलूप तोडून पेटी उघडली. वर लग्नपत्रिकांचा गठ्ठा, त्याखाली रिपब्लिकन पक्षाची वर्गणीची पावतीपुस्तके, भीमजयंतीच्या जमाखर्चाच्या वह्या, विहार समितीच्या सभांचे इतिवृत्त, तहसीलदाराला दिलेल्या अर्जांच्या कार्बन कॉप्या, गावोगावच्या मारहाणीच्या आणि बहिष्काराच्या तक्रारी, नामांतराच्या वेळची हँडबिले, पक्षातल्या भांडणांची पत्रे, पिवळे पडलेले फोटो आणि चार डायऱ्या. एका डायरीत १९७९ च्या लाँग मार्चचे दिवस आहेत. प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला तो मोर्चा. त्यावर पुस्तके आहेत, लेख आहेत. पण कोणत्या गावी कुणी भाकरी दिल्या, कुणाच्या चपलेचा अंगठा कुठे तुटला, चहाचे पैसे कुणी भरले, कोण मध्येच परत फिरला आणि का, हे या डायरीशिवाय दुसरीकडे कुठे लिहिलेले असेल असे आम्हाला वाटत नाही.

आता प्रश्न असा, की ही पेटी कुणाच्या हाती द्यायची? एका दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठाच्या अभिलेखागाराने ती मागितली आहे. विहार समितीतल्या काहींचे म्हणणे, ती विहारातल्या कपाटात राहावी. एका तरुण मित्राचे म्हणणे, सगळे स्कॅन करून इंटरनेटवर टाका आणि मोकळे व्हा. बैठकीत चांगलीच बाचाबाची झाली. त्या बैठकीत घाईघाईत जे बोललो ते इथे नीट मांडतो आहोत, कारण अशा पेट्या एकट्या आमच्या वस्तीत नाहीत.

महाराष्ट्रात कागद जमवण्याची परंपरा काही कमी नाही. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ सालचा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. हे काम मोठे आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण ही दप्तरे कुणाच्या घरची? देशमुखांची, देशपांड्यांची, कुलकर्ण्यांची, सरदारांची. ज्याच्या घरात लेखणी होती त्याच्या घरात दप्तर होते. त्या दप्तरांत आमचे पूर्वजही सापडतात, पण कसे? वतनाच्या तंट्यात, वेठीच्या यादीत, चोरीच्या संशयात. पुढे इंग्रजांच्या फायलीत आणि त्यानंतर पोलीस ठाण्याच्या नोंदीत. प्रत्येक ठिकाणी आम्ही आहोत, पण दुसऱ्याच्या अक्षरात. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'स्रोत' हा शब्द शिकवला गेला. स्रोत कुणाच्या घरी साठतो हे कुणी शिकवले नाही.

आमच्या घरात लेखणी आली ती बाबासाहेबांमुळे. म्हणून या पत्र्याच्या पेट्या म्हणजे आमच्या समाजाच्या पहिल्या दोन-तीन लिहित्या पिढ्यांचे दप्तर आहे. त्याच्या आधीचे दप्तर आमच्याकडे नाही आणि आता ते मिळणारही नाही. जे आहे तेवढेच आहे.

खुद्द बाबासाहेबांच्या कागदांचे काय झाले ते आठवा. १९५६ च्या डिसेंबरात दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवर त्यांचे महापरिनिर्वाण झाले. हस्तलिखिते, पत्रे, टिपणे त्याच घरात होती. १९६७ च्या जानेवारीत जागेच्या ताब्याच्या कारवाईत ते कागद खोल्यांतून काढून बाहेर अंगणात टाकले गेले आणि पावसाने भिजले. ज्या माणसाने या देशाला संविधान दिले त्याचे कागद पावसात! त्यानंतर वर्षानुवर्षे राहिलेले कागद सरकारी ताब्यात, पेट्यांत बंद. नागपूरचेच आंबेडकरी वकील जे. बी. बन्सोड यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली की एकतर आम्हाला छापू द्या, नाहीतर सरकारने छापावे. १९७६ साली महाराष्ट्र शासनाची समिती झाली आणि १९७९ च्या १४ एप्रिलला पहिला खंड निघाला. म्हणजे परिनिर्वाणानंतर २२ वर्षांनी.

'रिडल्स इन हिंदुइझम'चे उदाहरण तर फार बोलके आहे. १९८७ साली शासनाने चौथा खंड म्हणून ते छापले, राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठले, परिशिष्ट वगळण्याची मागणी झाली, त्याविरुद्ध आपल्या समाजाचे विराट मोर्चे निघाले. ते सगळे आपल्याला पाठ आहे. पण त्या वादात एक गोष्ट मागे पडली. संपादकांच्या हाती या ग्रंथाची अंतिम, सलग हस्तलिखित प्रत आलेलीच नव्हती. वेगवेगळी प्रकरणे सुट्या गठ्ठ्यांत सापडली, ती त्यांनी जुळवली. कोणते प्रकरण बाबासाहेबांना कुठे हवे होते, शेवटचा हात कशावर फिरला होता, हे सांगणारा कागद हाती नव्हता. मोर्च्याने आपण ग्रंथ वाचवला. हरवलेला कागद मोर्च्याने परत आणता येत नाही.

आणि हे जुने झाले म्हणून सोडून देण्यासारखे नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. ज्या छापखान्याशी बाबासाहेबांच्या पत्रांचा इतिहास जोडलेला, तो मलबा झाला. आपण रस्त्यावर उतरलो ते त्यानंतर. २०२१ च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडल्याची बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. शासनावर सोडून दिले की काय होते ते दिसते. पण आपल्यावर सोडून दिले की काय होते, तेही दिसते. कबाड्याची गाडी कुठल्या मनुवाद्याने पाठवली नव्हती.

याउलट ज्यांनी सांभाळले त्यांच्यामुळे काय काय उरले ते पाहा. चांगदेव खैरमोडे बाबासाहेबांच्या हयातीतच पत्रे, कात्रणे, आठवणी गोळा करत होते. चरित्राचा पहिला खंड १९५२ चा. त्यांनी जमवलेला संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला आणि त्यानंतर आंबेडकरी चळवळीवर गंभीर काम करणारा जवळपास प्रत्येक अभ्यासक त्या संग्रहापर्यंत पोचला. शंकरराव खरातांनी बाबासाहेबांची पत्रे १९६१ साली पुस्तकरूपाने आणली. ती पत्रे ज्यांच्या नावे आली होती त्या कार्यकर्त्यांनी जपून ठेवली नसती तर खरात काय छापणार होते? वसंत मून आमच्या नागपूरचे. त्यांनी शासनाच्या खंडांसाठी जे उभे केले त्यात 'बहिष्कृत भारत', 'जनता' यांचे अंक घरात सांभाळून ठेवणाऱ्या अनामिक माणसांचा वाटा केवढा, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

एक उदाहरण परदेशातले. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेल्याचे त्यांच्या वाचनात आले होते, त्याची प्रत त्यांनी मागितली. भारतातले अस्पृश्यही तशा वाटेचा विचार करत आहेत असे कळवले. द्यु बॉइस यांनी त्याच जुलैच्या अखेरीस उत्तर दिले. आज आपण हे पत्र व्याख्यानात सांगतो, पोस्टरवर छापतो. ते आपल्याला कुठून मिळाले? द्यु बॉइस आपल्याकडे आलेले पत्र आणि पाठवलेल्या उत्तराची प्रत जपून ठेवत. त्यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात गेले, तिथे त्यांची सूची झाली, म्हणून ते सापडले. आपल्या नेत्याच्या एका मोठ्या विचाराचा पुरावा दुसऱ्या एका पीडित समाजाच्या माणसाच्या दप्तराने सांभाळला.

त्याच समाजातले आर्थर शॉम्बर्ग. मूळचे पोर्तो रिकोचे. लहानपणी शाळेत शिक्षिकेने सांगितले की काळ्या माणसांना इतिहास नसतो. ते वाक्य त्यांच्या डोक्यात राहिले आणि त्यांनी आयुष्यभर काळ्या लोकांची पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे, पत्रके जमवली. १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनच्या १०,००० डॉलरच्या मदतीने न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने तो संग्रह विकत घेतला आणि हार्लेममधल्या शाखेत ठेवला. हार्लेममध्ये, म्हणजे ज्यांचा तो होता त्यांच्याच वस्तीत. पुढे १९३२ मध्ये शॉम्बर्ग स्वतः त्या संग्रहाचे अभिरक्षक झाले. संस्था मोठी, पैसा दुसऱ्याचा, पण जागा आपल्या वस्तीतली आणि किल्ली आपल्या माणसाकडे. पेटीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला या दिशेला दिसते.

आता विरोधी बाजू. बैठकीत एक ज्येष्ठ भाऊ म्हणाले, "जन्मभर ज्याईच्या विरोधात लढलो, त्याईच्याच तिजोरीत नेऊन ठेवता का आपलं?" हा भावनेचा प्रश्न म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण तो खरा प्रश्न आहे. अभिलेखागार म्हणजे नुसती थंड खोली नव्हे. तिथे कुणीतरी सूची करतो. कोणत्या शब्दाखाली कागद नोंदवायचा ते तो ठरवतो. 'बहिष्कार' या शब्दाखाली नोंदवलेला अर्ज आणि 'गावातील वाद' या शब्दाखाली नोंदवलेला अर्ज हा एकच कागद असला तरी पन्नास वर्षांनी तो कुणाला सापडेल हे त्या शब्दावर ठरते. दीक्षेनंतरच्या माणसाला 'हरिजन कार्यकर्ता' लिहिणारा सूचीकार आजही निघू शकतो. शिवाय सूची इंग्रजीत. वाचनकक्ष कामाच्या वेळेत उघडा, ओळखपत्र हवे, शिफारसपत्र हवे. ज्याच्या आजोबाचा कागद त्या नातवाने एक दिवसाची मजुरी बुडवून जायचे आणि दारावर "तुम्ही कोणत्या विद्यापीठाचे?" हे ऐकायचे. दुसरीकडे त्याच कागदांवर कुणाची तरी पीएचडी होते, पुस्तक निघते, त्या पुस्तकाची किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याएवढी असते. आम्ही क्षेत्रकामात हे पाहिले आहे. मुलाखत घेऊन गेलेले संशोधक परत येत नाहीत, प्रतही पाठवत नाहीत.

हे सगळे मान्य. पण मग विहाराचे कपाट? आम्ही स्वतः ज्या वाचनालयाचे काम काही वर्षे पाहिले, तिथली गोष्ट सांगतो. कुठले ते विचारू नका. समितीत दोन गट पडले. कपाटाची किल्ली माजी अध्यक्षांकडे राहिली आणि ते द्यायला तयार नव्हते. दोन पावसाळे गेले. किल्ली मिळाली तेव्हा खालच्या दोन फळ्यांवर वाळवीने मातीची घरे केली होती. वरच्या फळीवरची पुस्तके कुणी कुणी वाचायला नेलेली, नोंद नाही. जयंतीच्या मिरवणुकीला लाख-लाख रुपये जमा करणारी आपली वस्ती एका लोखंडी कपाटाला आणि वर्षाकाठी वाळवीच्या औषधाला पैसे देत नाही. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही, पण आपल्याच ब्लॉगवर नाही लिहायचे तर कुठे?

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत. त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी त्या वामनराव गोडबोले यांच्या स्वाधीन केल्या होत्या. कोट, टाईपरायटर, भांडी. आपल्या माणसांनी आपल्या जागेत, साधने अपुरी असताना ते सांभाळले, याबद्दल आम्हाला आदर आहे. पण कापड आणि कागद यांना आदर पुरत नाही. त्यांना कोरडी हवा लागते, योग्य पेटी लागते, त्यातले शिक्षण घेतलेला माणूस लागतो. नुसत्या निष्ठेवर सोडून देणे हा त्या निष्ठावंतांवरही अन्याय आहे.

आणि स्कॅन करून टाकायचे म्हणणाऱ्या तरुण मित्राला आमचे एवढेच सांगणे, की त्याने पेटीतली तिसरी फाईल वाचावी. त्यात तीन गावांतल्या अत्याचाराच्या तक्रारी आहेत. बायकांची नावे आहेत, त्यांच्यावर काय झाले ते त्यांच्याच शब्दांत आहे, खाली अंगठे आहेत. त्यांतल्या काही बाया हयात असतील. त्यांच्या मुलींची लग्ने झाली असतील. आम्ही समाजकार्य करताना अशी बयाने लिहून घेतलेली आहेत. सांगणारी बाई आपल्यावर विश्वास टाकून सांगते, जगाला सांगत नसते. ते पान मोबाईलवर फिरावे यासाठी तिने अंगठा दिला नव्हता. कायद्याचीही एक बाब आहे. पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, पण त्यातल्या मजकुराचा कॉपीराईट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या वारसांचा. म्हणजे पेटी काकूंनी दिली तरी पेटीतली प्रत्येक गोष्ट छापण्याचा अधिकार काकूंकडेही नाही.

तर आमचे मत असे, की पेटी द्यावी. पण दान म्हणून हात जोडून नव्हे, करार म्हणून. मूळ कागद जिथे हवा-पाण्याची सोय आहे, माणसे आहेत, आग विझवण्याची व्यवस्था आहे, अशा ठिकाणी. मात्र नेण्याच्या आधी प्रत्येक पानाची चांगली प्रत वस्तीत राहिली पाहिजे, एक संगणकात आणि एक वेगळ्या हार्ड डिस्कवर वेगळ्या घरात. घरच्यांना आणि वस्तीतल्या वाचकाला ओळखपत्राशिवाय, शुल्काशिवाय मूळ कागद पाहता आला पाहिजे. सूची मराठीत झाली पाहिजे आणि ती करताना आमच्यातला एक माणूस टेबलावर हवा. हे कलम आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. हँडबिलावरचे 'भाऊ' कोण, 'खालची वस्ती' म्हणजे कुठली, १९५९ नंतरच्या पत्रांतले 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' म्हणजे रिपब्लिकन पक्षातले कोणते गट, हे बाहेरच्या सूचीकाराला कसे कळणार? तो 'दुरुस्त' म्हणजे दुरुस्तीचे काम समजून बांधकामाच्या फाईलीत टाकेल! अत्याचाराच्या तक्रारी ठरावीक वर्षे बंद राहाव्यात, ती मुदत लेखी असावी. संस्थेने कागद विकू नये, दुसरीकडे हलवताना कळवावे, आणि संस्थाच बंद पडली तर पेटी कुणाकडे परत येईल ते आत्ताच लिहून ठेवावे. राष्ट्रीय अभिलेखागारही खासगी कागद स्वीकारते, आपल्या राज्याचे पुराभिलेख संचालनालय आहे. मागणारी एकच संस्था आहे असे समजून घाबरायचे कारण नाही.

हे फार झाले, एवढ्या अटी कोण मान्य करील, असे बैठकीत म्हटले गेले. मोठ्या घराण्यांचे पाहा. दिल्लीतल्या नेहरू स्मारक संग्रहालयाकडे असलेल्या नेहरूंच्या कागदांपैकी ५१ खोकी २००८ साली कुटुंबाकडे परत गेली आणि २०२४ मध्ये ती परत मागणारी पत्रे निघाली. कुणाची बाजू बरोबर त्यात आम्हाला पडायचे नाही. पण कागद देणारा मोठा असला की तो नंतरही हक्क सांगतो आणि तो वाद वर्तमानपत्रात येतो. आमच्या काकूंसारखीने दिले तर एक पोच मिळते, तीही मागितली तर. अटी घालणे हा उद्धटपणा कुणाच्या बाबतीत ठरतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट घरच्यांशी बोलताना लक्षात आली. मुलगा म्हणाला, पेटी द्या, पण ती भांडणाची पत्रे काढून टाका, बाबांचे नाव खराब होईल. पक्षफुटीच्या काळात काका एका गटात होते, मग दुसऱ्यात गेले. जुन्या मित्रांबद्दल त्यांनी बरेच कडू लिहिले आहे आणि त्यांच्याबद्दलही इतरांनी लिहिले आहे. आम्ही त्याला सांगितले, काढू नका. हवे तर २५ वर्षे बंद ठेवा. फुटीचा इतिहास आपण आजवर पुढाऱ्यांच्या अहंकाराची गोष्ट म्हणून सांगत आलो. या पत्रांत तो वर्गणीच्या हिशेबाचा, निवडणुकीत कुणी फॉर्म मागे घेतला त्याचा, एका सभेला बोलावले नाही त्या अपमानाचा आहे. वस्तीच्या पातळीवर पक्ष कसा तुटला हे समजून घ्यायचे असेल तर ही कडू पत्रेच लागतील. फुलांच्या हारातले फोटो पुरणार नाहीत.

आणि काकूंचे काय? चार डायऱ्या, सहाशेच्या आसपास सुटे कागद, आणि काकूंच्या हातचे एक पान नाही. त्यांना सही करता येते, ती बचतगटात शिकल्या. एका वहीत "घरून डबा आला" असे तुरुंगातल्या दिवसांचे टिपण आहे. तो डबा घेऊन पाच मैल चालत गेलेली बाई आमच्यासमोर चहा गाळत होती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' आले, ते याच कारणाने. पेट्या उघडून त्या बाया सापडल्या नसत्या. मुंबईत 'स्पॅरो' ही संस्था १९८८ पासून बायकांचे आवाज आणि चित्रे जपते आहे. आम्ही काकूंना तीन दुपारी बसवून मोबाईलवर बोलणे रेकॉर्ड केले. आधी "मले काय माहीत" म्हणत होत्या. मग सत्याग्रहाच्या वेळी घरात धान्य किती होते इथपासून सुरू झाल्या ते थांबेनात. पेटीसोबत हे रेकॉर्डिंगही जाईल, स्वतंत्र नावाने, 'यांच्या पत्नी' म्हणून नाही.

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांना काही हातच्या गोष्टी सांगून ठेवतो. कागद लॅमिनेट करू नका. प्रेमापोटी केलेले लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही आणि आत कागद कुजतो. फाटले तर सेलोटेप लावू नका, तो काही वर्षांत तपकिरी होऊन कागद खातो. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. नंबर टाकायचा तर पेन्सिलीने. भिजलेला कागद उन्हात नाही, सावलीत पंख्याखाली वाळवा. गठ्ठे ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका, त्या माणसाने काय कशासोबत ठेवले हीसुद्धा माहितीच असते. आणि सगळ्यांत आधी फोटो घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जा. कोण कुठे उभे आहे हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आमच्या पेटीतल्या १९७०च्या दशकातल्या एका सभेच्या फोटोत अकरा जण आहेत. पाच ओळखू आले. सहावा ओळखू शकणारे गृहस्थ आम्ही पोचण्याच्या आठवडाभर आधी दवाखान्यात दाखल झाले आणि घरी आले नाहीत.

संस्थेला आम्ही अटींचा मसुदा पाठवला आहे. बहुतेक कलमे त्यांना मान्य आहेत. मराठी सूची आणि टेबलावर आमचा माणूस, या दोन कलमांवर "धोरणात बसते का ते पाहून कळवतो" असे उत्तर आले, त्याला आता दोन महिने होत आले. आम्ही घाई करणार नाही. निम्म्याहून अधिक कागदांची यादी आम्ही स्वतःच केली आहे, दर रविवारी वंदनेनंतर चार-पाच पोरेपोरी बसतात, काकू खुर्चीवर बसून अक्षर ओळखायला मदत करतात. काकांचे अक्षर त्यांना वाचता येत नाही, पण कोणते त्यांचे आणि कोणते दुसऱ्याचे हे त्या लांबून सांगतात. तोवर पेटी आमच्या खोलीत आहे, जमिनीपासून दोन फूट वर, विटांवर फळी टाकून. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून वर प्लास्टिक घातले आहे आणि हवा खेळावी म्हणून एक बाजू उघडी ठेवली आहे.